संतमाय चालत येते

मंगळवार, ४ मे. सकाळचे सव्वासात. संतमायच्या नाकावर शेवटचा हात मारून ब्रश धुतो आहे.

ती. ताईस सा. न. वि. वि.

मूर्ती रंगवून तयार आहे. रविवारी डोंगरमाथ्यावरच्या चर्चमध्ये तुझं लग्न तिच्याच समोर लागायचं, म्हणून झग्याचा निळा रंग मी दोनदा दिला. पण तिला न्यायला कोणी येत नाही. फादरना निरोपावर निरोप धाडले. मालक म्हणतात, रंगवणं आपलं काम, पोचवणं त्यांचं. दुकानात ती माझ्या स्टुलाशेजारीच उभी असते. तिच्यासमोर डबा उघडला की घास गिळवत नाही. सोमवारी भावोजी बोटीवर परत जाणार. लग्न पुढे गेलं तर थेट पुढच्या वर्षावर. कृपा करून गाडी पाठवायला सांग.

बाबांना नमस्कार. लोभ आहेच, तो गाडीसकट पाठवावा.

तुझा टिंबू

बुधवार

चि. टिंबूस अ. उ. आ.

गाडी येणार नाही. वरच्या आळीच्या म्हाताऱ्या अडून बसल्या आहेत. धुकं उतरलं तेव्हा सगळे मेंढपाळ खाली पळाले, संतमाय मात्र लंगड्या मेंढीपाशी थांबली आणि तिथेच गारठून वारली. मग तिला पुरायला खालच्या मोठ्या चर्चमध्ये न्यावं, तर पहाटे ती पुन्हा माथ्यावर. हे तुला पाठच आहे. मूर्तीचंही तसंच, म्हणे. खाली न्यायची आपण, वर येते ती स्वतः. गाडी धाडणं म्हणजे तिच्यावर अविश्वास. फादर बिचारे नवीन. त्यांनी गाडीचं नाव काढलं तर आजीने सुनावलं, तुमच्याकडचे संत बसून फिरत असतील.

रिकाम्या वेदीपुढे लग्न लावू देणार नाहीत, एवढं नक्की. लग्नाचा झगा खुंटीवर टांगला आहे. मी येताजाता हसते, पण त्याच्याकडे बघवत नाही. तूच काही सुचव. आपल्या घरात काळजीचं खातं तुझ्याकडे आहे.

माया आहे तेवढीच आहे, कमी करायला वेळ झाला नाही.

ताई

शुक्रवार, ७ मे. सकाळचे नऊ. खाटेवर पालथा पडून लिहितो आहे.

ती. ताईस सा. न. वि. वि.

काल मला ताप आला म्हणून मालकांना कळवलं, संतमायला चादरीने पाठीशी बांधलं आणि डोंगर चढलो. धुकं होतं ते बरं. पण कुरणाशी घोटाळा झाला. फळ्यांच्या कुंपणाआड मी ओझ्याने वाकलेलो, आणि वर दिसत होतं ते फक्त तिचं डोकं. पलीकडे दुधाला निघालेल्या म्हाताऱ्या होत्या. त्या एकेक करून गुडघ्यांवर बसल्या. मला शिंक येत होती, ती नाक दाबून परतवली. बोललो असतो तर तुझं लग्न गेलं असतं, म्हणून तसाच चालत राहिलो. तिला वेदीवर ठेवलं आणि घरी न येता मागच्या वाटेने उतरलो.

ताई, मी साऱ्या गावाला फसवलं. फादरना सांगून टाकू का? लग्न लागल्यावर सांगितलं तर चालेल, की आधीच सांगायला हवं? रात्रभर हाच विचार चालू होता.

चुकलो असेन तर लोभ थोडा जास्तच असावा.

तुझा टिंबू

शनिवार, घाईत

चि. टिंबूस अ. उ. आ.

कोणाला काही सांगू नकोस. लग्न उद्या ठरल्या वेळी आहे. म्हाताऱ्या घरोघर सांगत सुटल्या आहेत की या खेपेला संतमाय तपकिरी बूट घालून आली, एकाची नाडी सुटलेली होती. कुंपणाखालून स्पष्ट दिसले, म्हणे. आणि दिसले तेव्हाच त्या गुडघ्यांवर बसल्या. मी आजीला आडून विचारलं, तर ती म्हणाली, दर खेपेला बूट वेगळे असतात.

तुझं पत्र बाबांना वाचून दाखवलं. फसवलंस वगैरे त्यांनी ऐकलंच नाही. चादर कुठल्या खांद्यावरून बांधली होती, एवढंच विचारलं. म्हणाले, डावीकडून बांधली असेल तर पोराची मान धरली असणार, तिचं कोपर तिथेच रुततं. त्यांच्या वेळी त्यांनीही आधी डावीकडूनच बांधली होती.

ताई