बोटांची सालपटं

१४ मार्च

ती. ताई,

नमस्कार. अक्षर ओळखलंस ना? सत्तावीस वर्षांनी आलंय म्हणून पाकिटाकडे बघत बसू नकोस, विष घातलेलं नाही. मी बरी आहे. अजून काज-बटणाच्या मशीनवर बसते, डोळे तेवढे दगा देतात. तुझे गुडघे कसे आहेत?

आपला ठोंब्या दवाखान्यात आहे. एकतिसाव्या वर्षी हार्ट अटॅक. जिना चढताना खाली बसला तो बसलाच. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या रक्तवाहिन्या म्हणे जागोजागी फुगल्यात. मी म्हटलं, रुंद झाल्या तर बरंच की, रक्त मोकळं जाईल. डॉक्टरबाई हसल्या नाहीत. फुगलेल्या जागी रक्त रेंगाळतं, गाठ धरतं आणि ती गाठ वाट अडवते. एक फुगवटा तर एवढा मोठा आहे की ऑपरेशनचंही त्या नक्की सांगत नाहीत. रक्त पातळ करायची औषधं चालू आहेत.

सून भली आहे. नात पाच वर्षांची, पायाला भिंगरी. पण आता तिला पळू देत नाहीत. ठोंब्याच्या डोक्यात बसलंय की हे रक्तातूनच आलंय, पोरीलाही होणार. ती दिवसभर वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसते. कोणी बघत नसलं की पाय हलवते.

रक्तातून नाही आलेलं, ताई. कशातून आलंय ते तुला कळलं असेलच.

डॉक्टरबाईंनी सगळ्यांसमोर विचारलं, लहानपणी आठवडाभर ताप होता का, डोळे-जीभ लाल, मग बोटांची सालपटं? तो ताप वेळेत ओळखला तर सहसा हे टळतं, असंही म्हणाल्या. ठोंब्या माझ्याकडे बघत होता. मी म्हणाले, "नाही हो, तसलं काही नाही." फाइलमध्ये तसंच लिहिलं गेलं.

चार वर्षांचा होता. गणवेशांची ऑर्डर होती, मी बारा-बारा तास मशीनवर आणि तो तुझ्याकडे. तापाच्या सहाव्या दिवशी तू कारखान्याच्या दारात आलीस, मोठ्या दवाखान्यात नेऊ या म्हणालीस. गोवर असेल, म्हणून मी तुला परत पाठवलं. पुढच्या आठवड्यात त्याची बोटं माझ्या डोळ्यांसमोर धरलीस. तेव्हा मी बोलले ते इथे लिहिते, कारण कधीतरी लिहायलाच हवं. "तुला मूल नाही, तुला काय कळतंय?"

तू चप्पल घातलीस आणि गेलीस.

उद्या त्याला सांगते. सकाळीच, डॉक्टर यायच्या आत.

२ एप्रिल

वरचं पत्र टाकलंच नाही. उद्या, उद्या करत सात दिवस घालवले. आठव्या दिवशी दुपारी मी त्याची उशी सारखी करत होते. ठोंब्या गेला, ताई. सकाळीच बायकोला म्हणाला होता, पोरीला जप, पळू देऊ नकोस. मी तिथेच उभी होते. माझं तोंड उघडलं नाही.

काल सुनेला सगळं सांगितलं. ताप, बोटं, तू, मी. तिने माझा हात हातात घेतला. म्हणाली, "आई, माझी समजूत घालायला काहीतरी सांगू नका. फाइलमध्ये लिहिलंय ना." भांडली असती तर बरं झालं असतं. डॉक्टरबाईंकडे चल म्हटलं, तर ती त्या दवाखान्याची पायरी चढायला तयार नाही.

ते सगळं बघितलेली आता तू एकटीच. माझ्यासाठी येऊ नकोस. तो तुझ्या मांडीवर तापाने फणफणला त्या दिवसांसाठी ये. माझ्याशी बोलू नकोस, माझ्या हातचं पाणीही घेऊ नकोस. सुनेसमोर बस आणि तू काय पाहिलंस ते सांग. मग पोरीला अंगणात ने आणि पळ म्हण.

मी म्हटलं तर ती आधी आईकडे बघते, आणि परत खाली बसते.

तेव्हा तुझं न ऐकलेली,
धाकटी