ओजसची पकड

कोक्विटलाम, कॅनडा,
२ ऑक्टोबर २०१८

ती. दादास,

मृणालचा नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? वहिनींना मी पाठवलेला स्वेटर झाला का?

आम्ही मजेत. ओजसच्या खांद्याला जरासं लागलंय, एवढंच. फोनवर माझ्या आवाजावरून काळजी ओळखशील, म्हणून लिहितेय.

यंदा अमेरिकेतल्या त्याच्या फुटबॉल लीगने, तो हाताने चेंडू फेकतात ना तो फुटबॉल, नियम कडक केलाय. चेंडू फेकणाऱ्याला पकडून पाडायचं, पण आपला भार त्याच्यावर टाकायचा नाही. टाकला की रेफ्रीने फाउलचं पिवळं फडकं मैदानात फेकलंच. ओजसवर दोनदा फेकलं, दुसऱ्यांदा त्यापायी मॅच गेली. तिसऱ्यांदा झालं तर संघातून काढून घरी पाठवीन, असं कोच म्हणालाय.

नियम बरोबरच आहे रे. तो फेकणारासुद्धा कुणाचा तरी मुलगा. पण एकशेवीस किलोंचा माणूस धावत येऊन हवेत थांबणार कसा? परवा ओजसने समोरच्या संघातल्या फेकणाऱ्याला धरलं आणि भार पडू नये म्हणून पडता पडता स्वतःच खाली गेला. दोघांचं वजन त्याच्या एका खांद्यावर आलं. पकड मात्र सुटली नाही.

"सोडलं का नाहीस?" म्हटलं, तर म्हणतो, "मामा सेड, नेव्हर लेट गो." मिरजेला सुट्टीत तू शिकवलेली कबड्डी! आठ वर्षांचा होता रे तो.

महिन्याभराने पुन्हा उतरणार आहे. माझं ऐकत नाही. पत्र पोचताच तू त्याला फोन कर. म्हणावं, मामाने शिट्टी वाजवलीय, आता सोड.

तुझी,
मृणाल