आप्पांच्या काढ्यात काय काय आहे?

वैनी,

आप्पांना दवाखान्यात नेतेय, घाबरू नकोस. सकाळी गुळवेलीचा काढा पिऊन अंगणात बसलते, तर एकदम घामानं भिजले, हात थरथरायला लागले. शेजारच्या नर्सबाईंनी मशीन लावलं, साखर उतरून पंचावन्न! गुळाचं पाणी पाजलं, आता बोलतायत. वर मलाच म्हणतायत, "बघितलीस गुळवेलीची ताकद?"

आता खरं सांगते. साखरेची गोळी घेणार न्हाय म्हणून आप्पांनी हट्ट धरलेला, तेव्हापासनं सकाळच्या काढ्यात मी गोळी चुरून घालतेय. कडू काढ्यात कळत न्हाय. पण मघाशी आधारकार्डासाठी त्यांची पेटी उघडली, तर धोतरांखाली त्याच गोळ्यांचं पाकीट, निम्मं रिकामं! म्हणजे आप्पा स्वतःच चोरून घेतायत. तापाला गुळवेल, सांध्याला गुळवेल, साखरेला तर गुळवेलच, असं सांगत पार काकती गावापर्यंत वेल वाटली; आता कुठल्या तोंडानं कबूल करतील? त्यांना काही बोलू नकोस. साखर वेलीनं किती उतरली नि गोळ्यांनी किती, माझं तर डोकंच चालेना झालंय.

आजचा संध्याकाळचा काढा करू नकोस.

आणि वैनी, रागावू नकोस. मसाल्याच्या डब्यामागं छोटा खलबत्ता दिसला, पांढरी पूड लागलेला. मी तर वाटीनं चुरते. संध्याकाळचा काढा तू करतीस. वाचल्याबरोबर फोन कर गं, दिवसाला एकूण किती गोळ्या पोटात जातायत, डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतील.

पूर्णिमा