आडवे शब्द आणि सरळ नीलिमा

२ नोव्हेंबर, रविवार
आणि म्हणे मीच हट्टी! ट्रकच्या वजनकाट्यावरचे रामाजीभाऊ ट्रक थांबवून पेपरातलं शब्दकोडं भरतात, ते चालते. मी एक शब्द भरला तर पेन हिसकलं. आडवा शब्द होता : 'कपाटाचं डोकं उडवलं की बसायला मिळतं.' दोन घरं. मी 'स्टूल' लिहिलं. दोन घरांत बरोब्बर बसते. रामाजीभाऊ म्हणे, अबे निकेश, कपाटातलं पहिलं अक्षर उडव, पाट राह्यला का नाई? वाक्य दिसते तसं नसते, आत घुसा लागते.
पण यात माझी चूक नाई. आमच्या घरी कपाटच नाई.

३ नोव्हेंबर
संकल्प : रोज एक कोडं. महिनाभरात रामाजीभाऊच्या पुढे. मग काट्याच्या एसी केबिनमधली दुसरी, रिकामी खुर्ची माझीच. नववीत दोनदा बसलो, त्या खुर्चीत तिसऱ्यांदा बसतो. मग एटापल्लीले माह्या नीलिमाच्या बापाले म्हणता येणार नाई, की हे पोट्टं गडचांदूरले सिमेंटच्या गेटवर ताडपत्र्या तपासते, याले पोरगी काऊन देऊ?

९ नोव्हेंबर, रविवार
'मका उलटा केला की पगार सुरू.' स्वतः सोडवलं! काम. रामाजीभाऊ फक्त एवढंच म्हणे, की मका मागून वाच.

१० नोव्हेंबर
सुपरवायझर काल म्हणे, उद्या वेळेवर ये. सरळ वाक्यावर मी आता भरोसा ठेवत नाई. आरामात गेलो. हाफ डे कटला. त्याले कोडं कळत नाई.

१२ नोव्हेंबर
नीलिमाचा मेसेज. 'रविवारी मले पाहायले येऊन राह्यले. बाबा हो म्हणतील. तू शनिवारी ये, त्यांच्याशी बोल.'
बारावी शिकलेली पोरगी इतकं सरळ लिहील? पहिली अक्षरं जोडली. जमत नाई. मागून वाचलं. 'ये' उलटा केला तरी 'ये'च. इथीच काहीतरी मेख आहे.

१३ नोव्हेंबर
रूमवरचा झिंगू म्हणे, अबे येड्या, पोरगी ये म्हणते त जा ना! बस पकड! झिंगूले काय कळते, क्लीनर तो.
उत्तर निघालं. दिसते तसं नसते, म्हणजे 'ये' म्हणजे येऊ नको. आधी केबिन मिळव. किती काळजी करते माही! मीही कोड्यातच उत्तर धाडलं : 'कपाटाले अजून डोकं आहे.'
ती म्हणे, म्हणजे?
हुशार आहे. न समजल्यासारखं करते.

१५ नोव्हेंबर, शनिवार
ओव्हरटाइम केला. नीलिमाचे फोनवर फोन. उचलले नाई. कोडं सोडवताना मदत घेऊ नये.

१६ नोव्हेंबर, रविवार
कोडं अर्धं भरलं. रामाजीभाऊ म्हणे, सुधारून राह्यला लेका.

१८ नोव्हेंबर
नीलिमा : 'साक्षगंध ठरलं. आता फोन नको करू.' फारच कठीण वाक्य. रामाजीभाऊले दाखवलं, जुना मेसेजही दाखवला. त्यांनी चष्मा पुसला, दोनदा वाचलं. म्हणे, बाबू, कोडं बनवणारा चौकोन आखून देते. कोडं आहे म्हणून आधीच सांगते. हिनं चौकोन आखले होते का?
मी म्हटलं, नाई.
ते म्हणे, मग? आणि ट्रक मोजायले लागले.

२९ नोव्हेंबर
पत्रिका आली, मोबाईलवरच. सरळ वाचली. झिंगू नवरदेवाले ओळखते. म्हणे, घुग्घुसले आहे, गेटवर. ताडपत्र्या तपासते.
केबिनमधल्या त्या खुर्चीवर नवीन माणूस बसला. त्याले कोडं येत नाई, कम्प्युटर येते.
लग्नाले रजा मिळत नाई असं कळवलं. मागितली नाई, पण मिळाली नसतीच. आहेर धाडतो म्हटलं, आपला मोठेपणा दिसला पाहिजे. मोबाईलवर ५०१ टाईप केले. मग हाफ डे आठवला.
आकडा मागून वाचला. एकशे पाच रुपये धाडले.