मुशींतला अनुस्वार

मी, श्रीपतराव बळवंतराव बिरादार, वय सदुसष्ट, राहणार कमठाणा, तालुका व जिल्हा बीदर, पूर्वीचा पाणबुड्या, हल्ली विहिरीच्या काठावर बसून कविता म्हणणारा रिकामा माणूस, हे मृत्युपत्र कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, तर स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. नजर थोडी अधू आहे. उजव्या कानाचा पडदा समुद्राने केव्हाच नेला. डोके जागेवर आहे. हे वाक्य केवळ कायद्याला लागते म्हणून लिहिलेले नाही. माझा पुतण्या किशनराव गावभर सांगत फिरायलाय, "काकाचं डोकं फिरलंय, त्याला बैलगाडीएवढे मासे दिसतेत." माझ्यामागे याच एका बोलण्यावर हे मृत्युपत्र कोर्टात रद्द करून घ्यायचा, म्हणजे मी पूर्वी सगळे त्याच्या नावे लिहिलेले जुने मृत्युपत्र उभे राहील, असा त्याचा बेत आहे. तो बेत मला ठाऊक आहे, हे त्यालाही ठाऊक असावे.

कलम पहिले. कमठाण्यातील माझे राहते घर, परसातील विहीर व लिंबाच्या झाडासह, माझी सून नागूबाई हिला द्यावे. घर माझ्या स्वकष्टाचे आहे. बुडालेल्या बोटींचे लोखंड वर काढून मी ते बांधले. मुलगा गेल्यावर नागूबाई माहेरी गेली नाही. शिवणयंत्रावर लोकांचे कपडे शिवले, माझी पत्नी राजूबाई हिचे शेवटचे दुखणे काढले, आणि माझ्या त्याच त्या कविता ऐकून घेतल्या. किशनराव विचारतो, बिनलेकराच्या बाईला घर कशाला? तिला राहायला. मला एवढे कारण पुरते.

कलम दुसरे. वडिलोपार्जित शेतातील माझा हिस्सा किशनरावास जावा. तो आज ना उद्या त्याच्याच घरात जायचा होता, म्हणून मी दान करतो असा आव आणत नाही. त्यासोबत पाण्यात बघायची माझी काच त्याला द्यावी. ती डोळ्यांवर चढवून त्याने एकदा विहिरीत डोके घालावे. मोठा मासा दिसणार नाही, पण पाण्याखाली बघायची सवय लागेल.

कलम तिसरे. पाण्यात खाली जाण्यासाठी कमरेला बांधायचा माझा शिशाचा पट्टा आडत दुकानदार माणिकराव यांना द्यावा. वजनाच्या बाबतीत त्यांना नेहमीच मदतीची गरज असते. त्यांच्यावरचा माझा राग एवढ्यापुरता नाही. शार्क नावाच्या दातवाल्या माशाला कोकणात मुशी म्हणतात. बोटीवरच्या एका मालवणी सोबत्याने मला तो शब्द दिला. आमच्याकडे मुशी म्हणजे हैद्राबादची नदी. चौसष्ट साली रजेवर आलो तेव्हा पारावर मी मोठ्या हौसेने एकच वाक्य बोललो, "मुशींत पोहून आलो."

माणिकराव म्हणाले, "मुशीत? तितं ढोपरभर पानी न्हाई. म्हशी लोळतेत."

दुसरा कोणी म्हणाला, "नोकरी सुटली वाटतं. हैद्राबादेत दिवस काढायलाय बिचारा."

मी 'शी'वरचा अनुस्वार, म्हणजे नदी एक आणि मासे अनेक, हे समजावून सांगू लागलो, तसे लोक पोट धरून हसले. त्या दिवसापासून या गावात मी मुशीवाला झालो, आणि मी समुद्र पाहिलाच नाही असे ठरले. राजूबाई तेवढी हसली नव्हती. घरी आल्यावर तिने विचारले, "किती वळी असतेत दातांच्या?" मी सांगितले. "मग नीट ऱ्हावा," एवढेच म्हणाली.

कलम चौथे. हे कलम मी कोणाला काही देण्यासाठी लिहीत नाही. त्रेसष्ट साली परदेशी संशोधकांच्या एका जहाजावर मला पाणबुड्या म्हणून घेतले. लखदीव बेटांच्याही पलीकडे, जिथून कुठलीच जमीन दिसत नाही, तिथे प्रवाळाचे डोंगर पाण्यात बुडालेले आहेत. माथा सात-आठ पुरुष खोलीवर, आणि पुढे कडा सरळ काळोखात. पाठीवर हवेची टाकी, तोंडात रबरी नळी, आणि चहूकडे निळे. आधी आकार दिसला नाही. एका जागी निळे जरा दाट झाले. मग ती आली, मुशी. पंखांची टोके चुन्यात बुडवल्यासारखी पांढरी. तिने माझ्याभोवती एक फेरा घातला, मग दुसरा, जरा जवळून. घाबरून भराभर श्वास घेतला की टाकीतली हवा संपते. रामाचार्य मास्तरांनी आम्हाला भुजंगप्रयात वृत्त शिकवले होते, लघु गुरु गुरु, सापाची चाल. मास्तरांनी साप पाहिले असतील. ती शेपटी एकही मात्रा न चुकवता त्याच चालीत चालली होती. मी मनात लगागा लगागा म्हणत श्वास लांबवला, आणि ती निघून गेल्यावर मला वाईट वाटले. पुढच्या खेपेला हातोड्यासारख्या डोक्याच्या मुशींचा कळप कड्यावरून गेला, जत्रेहून परतणाऱ्या गाड्यांसारखा, एकीमागे एक. त्यांच्या मधे मी होतो. हे मी पाहिले आहे, आणि आज सदुसष्टाव्या वर्षी तितकेच स्वच्छ आठवते.

कलम पाचवे. माझी कवितांची पुस्तके गावच्या शाळेस द्यावीत. अट एकच, कविता चालीवर म्हणून घ्याव्यात. नुसता अर्थ सांगून मारू नयेत.

कलम सहावे. वकील गुरुशांतप्पा यांनी कच्चा मसुदा वाचून चष्मा काढला. म्हणाले, "अण्णा, ते चौथं कलम काढा. ठेवलं तर किशनराव जज्जापुढं तेवढंच वाचून दाखवतो. म्हातारा शुद्धीवर नव्हता म्हनतो. घर जातंय बाईचं."

"खरं हाय ते. कामून काढू?"

"खरं असंल. मृत्युपत्रात माशांचं काय काम?"

त्यांचे चुकत नव्हते. माझ्या हट्टापायी नागूबाईचे छप्पर जाणार असेल तर तो हट्ट मला परवडणारा नव्हता. मी पेन उचलून पहिल्या ओळीवर रेघ ओढणार, तेवढ्यात ती चहा घेऊन आली.

"कुणासाठी खोडायलाव, मामा?"

"तुझ्यासाठी."

"मग नगा खोडू. घर गेलं तर मशीन घेऊन चिटगुप्प्याला जाईन, तितं खोली मिळतीया. सासरा येडा होता असं मानून मिळालेल्या घरात मी चूल पेटवणार न्हाई."

गुरुशांतप्पा म्हणाले, "बाई, ह्ये भावनेचं काम न्हाई, कागदाचं हाय."

"व्हय की. कागदावरच ऱ्हाऊ द्या."

म्हणून असे ठरवतो की चौथे कलम या मृत्युपत्राचा भाग आहे, व ते वगळून केलेली कोणतीही तडजोड मला मान्य नाही. किशनरावाने हरकत घेतल्यास नागूबाईने घाबरू नये. सासऱ्याने मुशी पाहिल्या असे तिने शपथेवर सांगू नये, कारण तिने त्या पाहिलेल्या नाहीत. एका घरात राहून सासऱ्याने तिला कधी खोटे सांगितले काय, एवढ्याचेच उत्तर द्यावे. मग कोर्टाला जे वाटेल ते कोर्टाने करावे. मी पाहिलेले कोर्टाच्या निकालाने न पाहिलेले होत नाही.

वरील सर्व मजकूर लिहून, पुन्हा वाचून, एकही शब्द मागे न घेता खाली सही केली आहे.

मुक्काम कमठाणा, दिनांक ११ डिसेंबर १९८७.

सही: श्रीपतराव बळवंतराव बिरादार

साक्षीदार १: डॉक्टर हणमंतराव, चिटगुप्पा. लिहिणाऱ्यास तपासले. वार, तारीख, नातेवाइकांची नावे बरोबर सांगितली. शुद्धीत आहेत. चौथे कलम मी दोनदा वाचले, दुसऱ्यांदा तपासणीसाठी नव्हे.

साक्षीदार २: गुरुशांतप्पा, वकील, बीदर. सल्ला दिला होता, मानला नाही. सही माझ्यासमोर, स्वखुशीने, हात न थरथरता केली.