गव्हाणीतल्या बाळाला तीट

दापोडी, नाताळाच्या अलीकडे

चि. सौ. भागूस, तुझ्या अक्काचे पोटभर आशीर्वाद.

मी खुशाल आहे, पण अजून हबकलेलीच आहे बघ. आपली विमल त्या सिस्टरबाईंच्या शाळेत तोंडच उघडत नव्हती. तिचा बाप म्हणे, असंच चाललं तर शाळा सोडवू, नातीला घेऊन तू गावीच जा.

चार दिवसांमागं शाळेत नाताळाचा गोठा मांडला. बघते तर काय, त्यांचा बाळदेव गवतावर उघडा! एवढ्या थंडीत! माझा जीव राहीना. जुन्या लुगड्याची कुंची शिवली, गपचूप बाळाला घातली अन् गालाला काजळाची तीट लावली.

दुसऱ्या दिवशी मला शाळेतून बोलावणं आलं. वाटलं, दुसऱ्याच्या देवाला हात लावला, आता पोरीचं शाळेतून नाव काढणार.

थोरल्या सिस्टरबाई गोठ्यापाशी उभ्या, भोवती सारी पोरं. "ही तीट कोणी लावली?"

मी बोलायच्या आत विमल ओरडली, "माझ्या आजीनं! बाळाला दृष्ट लागते, एवढंही माहीत नाही?"

अगं बाई! पण सिस्टरबाई हसल्या. "नव्हतं माहीत. आता सगळ्यांना सांग, दृष्ट कशी काढतात." अन् पोरगी मीठमोहऱ्यांपासून सांगतच सुटली की गं!

तुझ्या सासूबाईंचे गुडघे कसे आहेत? भावजींना यातलं सांगू नकोस, अक्का बाटली म्हणतील.

काल शाळा सुटल्यावर विमलला हाक मारली, तर मैत्रिणींच्या घोळक्यातून म्हणते, "आजी, तू हो पुढं." एकटीच घरी आले, रस्ताभर हसत.

तुझ्यावर जीव असलेली,
अक्का