तपकिरी गाडीचं वकीलपत्र

बाबा, मागच्या महिन्यात एका शनिवारी तुमची गाडी टीव्हीवर पहिली आली. ब्रिटनमध्ये बनवलेल्या आणि विकलेल्या सगळ्यात वाईट गाड्या कोणत्या, यावर तीन गोरे पोट धरून हसत वाद घालत होते, आणि शेवटी पडद्यावर आली ती आपलीच. रंगसुद्धा तोच, उकळून उकळून काळपट झालेल्या चहाचा. मी अल बर्शाला, आखातातल्या आपल्या याच शहरात, लेकीच्या घरी सोफ्यावर बसून सरबत पीत होते. एसी इतका गार की खांद्यावर शाल घेतली होती. आणि माझ्या पायांवर गरम वारा आला. दोन्ही नडग्यांवर, खालून, धुळीचा आणि तापलेल्या रबराचा वास घेऊन. इतकी वर्षं झाली, मॉलमध्ये येतो, मेट्रोत येतो, आता मी दचकत नाही. पाय जरा जवळ घेते आणि मनात म्हणते, आलात का.

तुम्ही गेल्यावर या घराने एक गोष्ट मात्र सोडली नाही, ती म्हणजे तुमचा तो गाड्यांचा खटला. तुम्ही होतात तेव्हाचं चित्र अजून डोळ्यांपुढे आहे: अल मनखूलच्या त्या दोन खोल्यांत शुक्रवारी जेवणं उरकली, की आई खरकटी ताटं तशीच एका बाजूला सारते आणि न्यायाधीश होऊन बसते, हातात आमटीचा डाव. मामा फिर्यादी. तुम्ही आरोपी गाडीचे वकील. दुकान आपलं ब्रिटिश गाड्यांच्या सुट्या भागांचं, त्यामुळे गाडी जितकी नालायक तितकी आपल्या घरात भाजी ताजी, असं तुम्हीच म्हणायचात. जिच्या जिवावर जेवतो तिची बाजू घ्यायला नको का? हरेल त्याने खाली जाऊन सगळ्यांसाठी करक चहा आणायचा. आणि नियम एकच, एकदा वकीलपत्र घेतलं की ते सोडायचं नाही. अशील कितीही गुन्हेगार असू दे.

मामा बाह्या सरसावून सुरू करायचा. “भावजी, तुमच्या ह्या गाडीचं स्टिअरिंग चौकोनी आहे हो! गाडी चालवताय की पाट फिरवताय?” तुम्ही शांतपणे बडीशेप चावत म्हणायचात, “पोट सुटलेल्या माणसाला मांडीवर जागा मिळावी म्हणून. साहेबाने तुझाच विचार केला होता.” मग ती तीन चाकांची. “वळणावर लोळण घेते,” मामा. “घेते ना. पण दोन माणसांनी उचलली की उभी राहते. तुझी ती लाडकी अमेरिकन गाडी लोळली तर क्रेन कुणाचा बाप आणणार?” मग ती, जी म्हणे शोरूममध्येच गंजायला लागायची. “गंजायला पाऊस लागतो,” तुम्ही म्हणालात, “तो इथे कुठाय? ती गाडी मुळात आपल्यासाठी बनवलेली. चुकून त्यांनी स्वतःलाच विकली.” आई हसता हसता डाव आपटायची आणि मामा वहाणा शोधायला लागायचा.

तपकिरी गाडी मात्र खटल्यातली नव्हती, घरातली होती. एक इंग्रज इंजिनीअर मायदेशी परत जाताना मागे ठेवून गेला आणि तुम्ही ती घेतलीत. एसी नव्हता. थंड देशात जन्मलेली ती, तिच्यात एकच गोष्ट अव्वल होती, हीटर. आणि आपल्याकडे तिचं इंजिन चढावर, गर्दीत, कुठेही तापायचं. काटा लालात गेला की तुम्ही खिडक्या खाली करायचात आणि हीटर पूर्ण सोडायचात, म्हणजे इंजिनाची उष्णता आत आपल्या अंगावर येणार आणि इंजिन थंड होणार. युक्ती खरी आहे. दुकानात बसून कॅटलॉगमधली चित्रं बघत बघत मी इंग्रजी शिकले, तेव्हा ती छापलेलीही वाचली. पण छापणाऱ्याने उन्हाळा म्हणजे काय ते पाहिलेलं नव्हतं. मला मागची सीट आठवते. आईच्या केसातला गजरा डोळ्यांदेखत वाळून चुरा होतोय. “अहो, माणसं भाजून निघाली,” ती म्हणते. तुम्ही पुढूनच सांगता, “घरातल्या आजाऱ्याचं आधी बघायचं असतं.” एकदा मी म्हटलं, बाबा, त्या गाफच्या झाडाखाली थांबू या जरा, गाडी निवेल. तुम्ही आरशातून माझ्याकडे असं बघितलंत की मी अजून त्या आरशात आहे. “थांबलो की मामा जिंकला. ही गाडी माझ्या हातात रस्त्यात एकदाही बंद पडलेली नाही, आणि पडणार नाही.” तेव्हा मला तुमचा केवढा अभिमान वाटला होता!

त्या ऑगस्टमध्ये तुम्ही माल पोचवायला रास अल खैमाला गेलात. भर दुपारी मी खिडकीतून पाहिलं तर गाडी खाली लागलेली. मी भात लावला. मग पुन्हा पाहिलं, गाडी तिथेच, इंजिन चालू, आणि तुम्ही उतरत नाही. जिने उतरून मी दाराशी गेले तेव्हा आतून आलेला वारा तंदूरचं तोंड उघडल्यासारखा. तुमच्या शर्टावर घामाचा एक थेंब नव्हता. हेच मला पुढे कित्येक वर्षं कळत नव्हतं, की एवढ्या उकाड्यात माणूस कोरडा कसा. तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि मला आईच्या नावाने हाक मारलीत. म्हणालात, “पोचली बघ.” हॉस्पिटलमध्ये संध्याकाळी सगळं संपलं. डॉक्टर उष्माघात म्हणाले; त्यात घामही थांबतो, हे मी फार पुढे वाचलं. आई म्हणाली, लोकांना हार्ट सांगायचं. ज्या गाडीवर सगळ्या बिल्डिंगने हसायचं तिच्यात तुम्ही गेलात, हे तिला सहन होणार नव्हतं. मामाने गाडी दुसऱ्या दिवशी कुठेतरी नेऊन दिली. त्यानंतर कुठल्याही खटल्यात तो फिर्यादी झाला नाही. मग दुकानात मी त्याच्यासोबत बसायला लागले, आणि शुक्रवारचं तुमचं वकीलपत्र माझ्याकडे आलं.

आता दुकान नाही, मामा नाही, आठवड्याची सुट्टीसुद्धा शुक्रवारची सरकून शनिवार-रविवारवर गेली. पण खटला चालतो. जावई फिर्यादी, मी वकील, आणि तुमचा पणतू, माझा नातू, माझा असिस्टंट. नोकरी करतो आता, दाढीबिढी ठेवलीय. मराठी सगळं समजतं आणि उत्तर इंग्रजीत देतो. मी त्याला लहानपणापासून भरवताना तुमच्या गोष्टी सांगितल्या: चौकोनी स्टिअरिंगची, तीन चाकांची, आणि सगळ्यात जास्त हीटरची. घास घ्यायचा नसला की म्हणायचा, “हीटर स्टोरी, आजी.” त्या गोष्टीत तुम्ही वाळवंटातून भट्टीत बसून येता, आणि गाडी पोचते. पुढचं मी सांगत नसे. पोराला घास भरवताना कोण सांगेल?

तर त्या शनिवारी टीव्हीवर गाडी पहिली आली आणि नातू ओरडला, “ऑब्जेक्शन!” जावई म्हणाला, “ओव्हररूल्ड. अरे, तिच्या मायदेशाने फाशी दिली, आता अपील कुठे करतोस, शारजात?” सगळे हसलो. मग नातू उठून उभा राहिला, मोबाइल पुढे धरला आणि म्हणाला, “आय फाउंड वन.” अजमानमध्ये एकाने तशीच गाडी दुरुस्त करून विकायला ठेवली होती. फोटोत तीच तपकिरी. जावयाने किंमत विचारली, सवयीने दिरहमचे रुपये केले आणि घोटभर पाणी प्यायला.

“नेक्स्ट सॅटरडे मी जाऊन आणतो,” नातू चक्क मराठीत म्हणाला, म्हणजे बेत पक्का होता. “अजमान टू बर्शा. पणजोबा स्टाइल. विंडोज डाउन, हीटर फुल, नॉन-स्टॉप. यल्ला, चलो!”

“जुलै आहे राजा,” लेक म्हणाली. “रिकव्हरीच्या ट्रकवर घालून आण ना.”

“मम्मा, रिकव्हरीवर आणली तर प्रॉसिक्युशन जिंकलं ना! शी नेव्हर स्टॉप्ड. नॉट वन्स. आजी, टेल देम.”

बाबा, तो माझ्याकडे बघत होता, आणि मी त्याच्यात तो आरसा बघितला. पायांवरचा वारा एवढा वाढला की मी शाल काढून ठेवली. तुमचं म्हणणं मला ऐकू येत होतं, शब्दन् शब्द, त्या बडीशेपीच्या वासासकट: वकीलपत्र सोडायचं नाही. मी ग्लास खाली ठेवला आणि म्हटलं, “आज मी फिर्यादीकडून बोलणार.”

जावई टाळ्या वाजवायला लागला. “अरे वा, सासूबाई फुटल्या!” माझं तोंड बघून त्याचे हात तिथेच थांबले.

मी सगळं सांगितलं. भात लावला तिथपासून. कोरडा शर्ट सांगितला. लेक उभीच राहिली. “आई, आजोबांना हार्ट अटॅक आला होता ना?” मी म्हटलं, “तुझ्या आजीने तसं सांगायचं ठरवलं, आणि मी ते चालवून घेतलं.” नातवाने मोबाइल उलटा करून ठेवला. मग हळूच म्हणाला, “बट द कार वॉज फाइन?”

“गाडीला काय धाड भरली होती! दुसऱ्या दिवशी पहिल्या चावीत सुरू झाली. म्हणूनच सांगते. तीन चाकांची लोळते, तुम्ही बाहेर पडता, कपडे झटकता, चार माणसं हसतात. बंद पडणारी बंद पडते, मग तुम्ही शिव्या घालत सावलीत जाऊन बसता, कुणीतरी गाडी थांबवून पाणी देतं. त्या वाईट गाड्या नव्हेत रे, त्या आपल्या पोटच्या. वाईट ती, जी आपला ताप तुमच्या अंगावर टाकून पुढे जात राहते आणि तुम्हाला शाबासकी वाटते. तुझे पणजोबा हुशार होते, माझे बाबा होते, आणि त्या दिवशी एका झाडाखाली थांबले असते तर तुला मांडीवर घेऊन मगच गेले असते. सगळ्यात वाईट गाडी तीच. लिहून घ्या.”

टीव्हीचा आवाज कुणीतरी बंद केला होता, पडद्यावरचे तिघे नुसतेच हसत होते. नातू माझ्याजवळ येऊन जमिनीवर बसला, एवढा घोडा झालेला, आणि माझ्या गुडघ्याला डोकं टेकून म्हणाला, “खलास, आजी. कॅन्सल.” आणि माझ्यादेखत त्याने त्या अजमानवाल्याला फोन करून नको म्हणून सांगितलं. मग तोच उठून खाली गेला आणि करक घेऊन आला, हरलेल्या वकिलाचा असिस्टंट म्हणून. चहाला चव नव्हती की मलाच लागली नाही, कोण जाणे.

पोरगा वाचला, बाबा. मी जिंकले, आणि त्या दिवसापासून वारा येत नाही. महिना झाला, मी मुद्दाम मेट्रोत बसते, एसीखाली बसते, पाय पुढे करून बसते. नुसता गारठा. तुम्ही रागावलात का, की उतरलात एकदाचे त्या गाडीतून, हे विचारायला दुसरा मार्ग नाही म्हणून हे लिहायला घेतलं. लिहून झालं की फाडणार आहे. लेकीला सापडलं तर ती मला डॉक्टरकडे नेईल.

एक मात्र घरात कुणाला सांगितलेलं नाही. परवा टॅक्सी करून मी एकटीच अजमानला गेले. गाडी अजून विकली गेलेली नव्हती. शेडच्या आत, मागच्या अंधाऱ्या भिंतीशी, टायरवर धूळ बसलेली. दुकानातला माणूस फोनवर होता, त्याने हातानेच सांगितलं, बघा. मी आत बसले नाही. फक्त बॉनेटवर तळहात ठेवला. ते गरम होतं. गाडी आत्ताच कुणी चालवली का, एवढंच त्याला विचारायचं होतं, पण ‘हो’ ऐकायचं नव्हतं. त्याचा फोन संपायच्या आत मी बाहेर आले.